फॉरमॅट मारण्याआधी

लग्नसराईचे दिवस होते. तळेगाव दशासरच्या रस्त्याने एक छपाईवाले काकाजी स्कूटीवर आले. पायांपाशी सीपीयू उभा केलेला, त्याला दुपट्टा गुंडाळलेला, जणू तापाने फणफणलेलं पोर दवाखान्यात आणलंय. "भाऊ, हा चालूच नाही होऊन राहिला. फॉरमॅट मारून द्या. संध्याकाळपर्यंत दोन पत्रिका छापाच्या आहेत." आतल्या मजकुराचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "गेला तं गेला. सोळा वर्षांचं काम आहे त्याच्यात, पण आता काय करता?"

मी मॉनिटर जोडला. काळ्या पडद्यावर दोनच ओळी होत्या. 'एरर : नो सच पार्टिशन', आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू'. जरा खोदून विचारलं तेव्हा हकीकत बाहेर आली. पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने दिवाळीच्या सुटीत त्याच हार्ड डिस्कवर विंडोज एक्सपीच्या शेजारी उबुंटू लिनक्स टाकून दिलं होतं. काकाजींनी ते एकदाही उघडलं नाही. आदल्या रात्री जागा कमी पडली, म्हणून विंडोजमध्ये बसूनच त्यांनी 'तो अनोळखी तुकडा', म्हणजे पार्टिशन, उडवला. यंत्र सुरू करून देणाऱ्या ग्रबचं निम्मं बिऱ्हाड त्याच तुकड्यात होतं. एक्सपीची सीडी घातली, रिकव्हरी कन्सोलमध्ये 'फिक्सएमबीआर' एवढा एक शब्द टाइप केला, यंत्र पुन्हा सुरू केलं. ती ओळखीची हिरवी टेकडी पडद्यावर आली. सांगितलेला चहा अजून टपरीवरून यायचा होता.

जुन्या, न उठणाऱ्या संगणकांवरची ही पुस्तिका लिहायचं त्या दिवशी डोक्यात आलं. लिहायला बरीच वर्षं गेली, ती गोष्ट वेगळी.

गावच्या डॉक्टरकडे गेलं की सुई टोचून घेतल्याशिवाय आपल्याकडे माणसाचं समाधान होत नाही. संगणकाच्या बाबतीत ती सुई म्हणजे फॉरमॅट. यंत्र हळू झालं, मारा फॉरमॅट. चालू होईना, मारा फॉरमॅट. यात दुकानदाराचाही स्वार्थ आहे, आणि मी स्वतः दुकानदार असल्यामुळे तो लपवत नाही. फॉरमॅटला ठरलेला वेळ लागतो आणि ठरलेले पैसे मिळतात. दोष कुठे आहे हे शोधण्यात दुपार जाते आणि दहा मिनिटांत दुरुस्त झालं की गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा कामाचे काय पैसे घेता बाप्पा?" त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मीही सुई टोचत होतो. त्या वर्षांत माझ्या हातून पुसल्या गेलेल्या फायली आज आठवल्या की बरं वाटत नाही. त्यात पेजमेकरमध्ये श्री-लिपीच्या फॉन्टने जुळवलेल्या पत्रिका होत्या, जिनिंगचे हिशेब होते, निकालाचे तक्ते होते. एकाच्या वारलेल्या बापाचे फोटो होते, आणि हे मला फॉरमॅट झाल्यावर कळलं.

या पुस्तिकेचं म्हणणं एवढंच आहे की यंत्र 'उठत नाही' तेव्हा बहुतेक वेळा आतलं घर शाबूत असतं आणि पत्ता हरवलेला असतो. पत्ता हरवला म्हणून कोणी घर पाडत नाही. फॉरमॅट मारताना आपण नेमकं तेच करतो.

पत्त्याची ही गोष्ट आमच्या गावकऱ्यांना पटवायला फार बोलावं लागत नाही. आमच्या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' लागतं, कारण नुसतं धामणगाव म्हटलं की घोटाळा. आमच्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याकडे धामणगाव गढी आहे, बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वेची लाइन नागपूरला पोहोचली, यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी आमच्या स्टेशनावर येऊ लागला, आणि गावाला हे आडनाव चिकटलं. तरीही पत्रं चुकायचीच. एकाच नावाची दहा गावं, पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाचं हस्ताक्षर वेगळं, लिपी वेगळी. हा गुंता देशभराचा होता. तो सोडवायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आमच्या वाट्याला ४४४७०९ आला. आता पिनकोड असला की पाकिटावर कोणी 'धामणगाव' एवढंच लिहिलं तरी ते गढीला जात नाही.

संगणकातही हाच घोटाळा होता आणि त्यावर उपायही हाच निघाला. जुन्या लिनक्समध्ये सुरुवातीच्या प्रोग्रामला 'पहिल्या डिस्कच्या दुसऱ्या तुकड्यात जा' अशा भाषेत पत्ता दिलेला असे. पण 'पहिली डिस्क' कोणती? पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं तर कित्येक यंत्रांचं बायोस, म्हणजे मदरबोर्डावरचा मूळ प्रोग्राम, त्या पेनड्राइव्हलाच पहिला नंबर देतं. ती काढली की क्रम बदलतो, आणि कालपर्यंत बरोबर असलेला पत्ता आज दुसऱ्याच धामणगावला जातो. म्हणून पुढे प्रत्येक तुकड्याला यूयूआयडी नावाचा लांबलचक क्रमांक देऊ लागले. बत्तीस अंक-अक्षरं, मध्ये चार रेघा, दिसायला भयंकर. पण तो तुकड्याचा पिनकोड आहे. डिस्क कुठल्याही केबलला जोडा, तो बदलत नाही.

आता बटण दाबल्यापासून काय घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुस्तिकेची सगळी प्रकरणं याच वाटेवर उभी आहेत.

वीज मिळाली की बायोस जागं होतं. ते रॅम, की-बोर्ड, डिस्प्ले तपासतं. काही बिनसलं असेल तर शिट्टी वाजते, अ‍ॅवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड वाजल्या की डिस्प्ले कार्डाकडे बघायचं. इथवर हार्ड डिस्कचा संबंध नाही. मग बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यातले ५१२ बाइट उचलतं आणि शेवटचे दोन '५५ एए' आहेत का बघतं. असले तर सूत्रं त्या मजकुराच्या हाती देऊन मोकळं होतं. ही व्यवस्था हार्ड डिस्कसाठी १९८३ साली डॉस २.० बरोबर आली. ५१२ पैकी ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या नकाशासाठी, आणि उरलेले दोन त्या शिक्क्यासाठी. नकाशात चारच तुकड्यांची नोंद मावते, प्रत्येकी सोळा बाइट.

४४६ बाइट म्हणजे किती, तर युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत साठवताना मराठीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे दीडशेही चिन्हं मावणार नाहीत. पोस्टकार्डावर आपण 'तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार' लिहून खुशाली विचारेपर्यंत जागा संपेल. एवढ्याशा जागेत बसणारा प्रोग्राम अख्खी लिनक्स किंवा विंडोज उचलून आणू शकत नाही. तो पुढच्याचा पत्ता तेवढा सांगतो. ग्रबचा पहिला तुकडा त्याच्याच मागे, डिस्कच्या मोकळ्या पट्टीत बसलेल्या दुसऱ्या तुकड्याला हाक मारतो. दुसरा तुकडा '/बूट/ग्रब' हा फोल्डर शोधतो. तिथे यादी असते, यादीतून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचललं जातं, कर्नल आपली मुख्य डिस्क शोधतं. हे आमच्या रेल्वेसारखंच. गाडी पुलगावहून निघाली, वर्धा नदीचा पूल ओलांडला, तळणी मागे पडलं, धामणगाव आलं. गाडी आली नाही म्हणून स्टेशनमास्तर सगळे रूळ उखडायला सांगत नाही. शेवटचं कुठलं स्टेशन ओलांडलं ते आधी विचारतो.

हे विचारण्याची सर्वांत सुंदर सोय लिलो या जुन्या प्रोग्राममध्ये होती. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी तो लिहिला. त्याचा विकास २०१५ अखेर थांबला आणि आता तो फारसा कोणाला माहीत नाही, पण त्याच्याइतका प्रामाणिक प्रोग्राम मी पाहिला नाही. एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर पडद्यावर उमटवायचा. नुसतं 'एल' येऊन थांबलं तर पहिला तुकडा उठला, दुसरा सापडला नाही. 'एल-आय' वर थांबलं तर दुसरा हाती आला पण चालला नाही. 'एल-आय-एल' म्हणजे दुसरा चालू झाला, पण पुढची यादी वाचता आली नाही. चारही अक्षरं आली की गाडी सुटली. पडद्यावर दोनच अक्षरं दिसतात म्हणून लोक घाबरायचे, आणि दोषाचा पत्ता त्याच दोन अक्षरांत असायचा.

ग्रब जास्त हुशार आहे, त्यामुळे जास्त बोलतं आणि जास्त गोंधळवतं. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये ते सुरू केलं. 'ग्रब' एवढं छापून थबकलं तर मोकळ्या पट्टीतला तुकडा बिघडलाय. 'ग्रब रेस्क्यू' आलं तर तो तुकडा ठीक आहे, पण त्याला आपला फोल्डर सापडत नाही. नुसतं 'ग्रब' आणि पुढे बाण दिसला तर फोल्डर सापडला, यादी सापडली नाही. कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहून आलं तर ग्रबचं काम कधीच संपलंय, आता कर्नलला मुख्य डिस्क दिसत नाही. अशा वेळी ग्रब पुन्हा टाकून काही मिळत नाही. तरी ते दहादा टाकणारे मी पाहिलेत. त्या मोकळ्या पट्टीचं म्हणाल तर एक गंमत आहे. काही महागड्या सॉफ्टवेअरची परवाना तपासणारी यंत्रणा आपली खूण लपवायला गुपचूप तिथेच जायची. बेवारस प्लॉट दोघांनी बळकावला की जे होतं तेच व्हायचं. विंडोजमध्ये ते सॉफ्टवेअर उघडलं की दुसऱ्या दिवशी ग्रब गायब.

जुन्या यंत्रांना वेगळी पुस्तिका का लागते? कारण त्यांच्या बायोसची नजर अधू असते. १९९०च्या दशकातलं एखादं बायोस ८.४ जीबीच्या पलीकडे बघू शकत नाही. त्यानंतरच्या काहींची हद्द १३७ जीबीला संपते. आमच्या भागात २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले तेव्हा गावोगाव असेंबल्ड यंत्रं आली. वर्ग बंद पडले तशी ती घरोघर गेली. कोणी नागपूरच्या बर्डीवरून मोठी डिस्क आणून त्यात बसवली, आणि मग असा आजार सुरू झाला की वैद्य चक्रावून जावा. नवी लिनक्स टाकली, उत्तम चालली. दोन महिन्यांनी अपडेट झालं आणि यंत्र उठेना. पुन्हा टाकली, पुन्हा दोन महिने ठीक. लोक म्हणायचे, लिनक्सच खराब आहे. खरी गोष्ट अशी की डिस्क रिकामी असताना कर्नलची फाइल योगायोगाने सुरुवातीच्या भागात बसत होती. अपडेटच्या वेळी नवं कर्नल जिथे जागा मिळेल तिथे, म्हणजे हद्दीपलीकडे जाऊन पडलं. लिनक्सला ते दिसत होतं, कारण ती बायोसला विचारत नाही. ग्रबला मात्र बायोसच्याच डोळ्यांनी बघावं लागतं. उपाय साधा आहे. डिस्कच्या अगदी सुरुवातीला '/बूट' साठी वेगळा छोटा तुकडा काढायचा. हे मला कळायला एका गिऱ्हाइकाच्या चार फेऱ्या लागल्या. त्याने कधी आवाज चढवला नाही, याचीच लाज जास्त वाटली.

दुसरा वऱ्हाडी आजार हवेचा आणि विजेचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पंख्याच्या पात्यांवर जिनिंगची तूस नमद्यासारखी जमलेली, मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले. त्यात लोडशेडिंगच्या वर्षांमध्ये लाइट कधी जाईल त्याचा नेम नसे. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली की एक्सपीची 'सिस्टिम' नावाची फाइल अर्धवट राहायची आणि सकाळी 'मिसिंग ऑर करप्ट' असा निरोप यायचा. त्याच फाइलची एक जुनी प्रत 'रिपेअर' नावाच्या फोल्डरमध्ये विंडोजनेच जपून ठेवलेली असते, हे किती जणांना माहीत होतं?

आणि बॅटरी. मदरबोर्डावरची ती रुपयाएवढी, तीन व्होल्टची. ती संपली की यंत्राला तारीख आठवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिच्यासोबत बायोसच्या बाकीच्या सेटिंगही पुसल्या जातात. आधी कुठून सुरू व्हायचं तो क्रम जातो, डिस्कशी बोलायची पद्धतही बदलते. आयडीई पद्धतीत टाकलेली विंडोज एएचसीआय पद्धतीत निळा पडदा दाखवून बसते. हे न बघता नवी हार्ड डिस्क विकल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. नावं विचारू नका.

माझी स्वतःची एक चूक मात्र सांगतो, कारण तिसरं प्रकरण तिच्यातून आलं. दुकान नवं होतं. एका यंत्राचा पहिला कप्पा बिघडला होता आणि शेजारी तसंच दुसरं यंत्र होतं. मी त्या चांगल्या यंत्राचे ५१२ बाइट उतरवले आणि बिघडलेल्यावर चढवले. यंत्र उठलं नाहीच, वर त्यातले सगळे तुकडे नाहीसे झाले. मला ४४६ चढवायचे होते. पुढच्या ६४ बाइटमध्ये दुसऱ्या डिस्कच्या वाटणीचा नकाशा होता, आणि मी एकाच्या शेताचा सातबारा दुसऱ्याच्या शेतावर ठोकून आलो होतो. त्या रात्री क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाच्या टेस्टडिस्क या प्रोग्रामने सगळी डिस्क चाचपडून हद्दीच्या खुणा शोधल्या आणि नकाशा परत लिहिला. एकही फाइल गेली नव्हती. माझी मात्र झोप गेली. तेव्हापासून जुन्या डिस्कला हात लावण्याआधी मी तिचा पहिला कप्पा फाइल म्हणून उतरवून ठेवतो. ५१२ बाइटच तर आहेत.

नव्या पद्धतीबद्दल, म्हणजे यूईएफआयबद्दल, इथे एकच प्रकरण आहे. तिथे ५१२ बाइटची कसरत संपली. डिस्कवर एक छोटा फॅट-३२ तुकडा असतो आणि त्यात सुरुवातीचा प्रोग्राम साध्या फाइलसारखा पडलेला असतो. पण २०१० ते २०१२ च्या सुमाराची यंत्रं दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी आहेत. त्यांच्या बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसते, एकदा नुसती आणि एकदा आधी 'यूईएफआय' लिहून. विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असेल आणि लिनक्स टाकताना तुम्ही दुसरी ओळ निवडली, तर दोघी एका घरात राहून एकमेकींना दिसत नाहीत. ओळ निवडताना दोन सेकंद थांबलं तर हे सगळं टळतं.

पुस्तिका आत्ताच का काढली, असं विचाराल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती नसलेली कितीतरी धडधाकट यंत्रं एका दिवसात 'जुनी' ठरली. त्यावर पोरं लिनक्स टाकतील, टाकावीच. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला, तेव्हा तशा यंत्रांना फार तर डेबियन १२ पर्यंतच जाता येईल. नवी सीडी आणून 'चालत कशी नाही' म्हणून ग्रबला दोष देऊ नये. पूर्वी उबुंटूवाले मागेल त्याला सीडी टपालाने फुकट पाठवायचे, २०११ मध्ये ते बंद झालं. माझ्याकडे त्यातल्या काही अजून आहेत. पेनड्राइव्हवरून सुरू न होणाऱ्या यंत्रांना त्याच कामी येतात. सीडी ड्राइव्हची लेन्स तेवढी पुसून घ्यावी.

मराठीत लिहिण्याचंही एक कारण आहे. यंत्र ज्या टप्प्यावर अडतं तिथे देवनागरीचा फॉन्ट पोहोचलेलाच नसतो. त्यामुळे तो निरोप कायम इंग्रजीत येतो, पांढऱ्या अक्षरांत, काळ्या पाटीवर, आणि आपला माणूस तो वाचायच्या आधीच बटण दाबून बंद करतो. दुकानात येऊन म्हणतो, "काहीतरी इंग्रजीत आलं होतं." काय आलं होतं, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी मी असे निरोप देवनागरीत लिहून त्यांच्यासमोर स्टेशनचं नाव दिलं आहे. कुठलं स्टेशन ओलांडलं, कुठलं राहिलं, एवढंच. प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. आपला निरोप शोधा आणि तिथूनच सुरू करा.

त्याआधी यंत्राला लावलेली पेनड्राइव्ह काढून पाहा. खरंच पाहा, मागच्या बाजूलाही पाहा. मग यंत्र पुन्हा सुरू करा आणि पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. माझ्या फोनवर गिऱ्हाइकांनी पाठवलेले असे कितीतरी फोटो आहेत, ज्यात काळ्या पडद्यावर फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्यात फोन धरलेल्या माणसाचं तोंड दिसतं.

धामणगाव रेल्वे